चैत्रातली भरती आणि अक्षीचा ग्रेट नॉट

आपल्याकडे पक्षीनिरीक्षणाचा हंगाम म्हणजे दिवाळी ते होळी, असे बहुतेकांनी ठरवूनच टाकलेले आहे. होळीनंतर ऊन चढू लागते, दुर्बिणी कपाटात जातात आणि भिगवणकडे धावणाऱ्या गाड्याही कमी होतात. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांपुरते बोलायचे तर मला स्वतःला फाल्गुनाचा उत्तरार्ध आणि सबंध चैत्र हाच वर्षातला सर्वांत मोलाचा काळ वाटतो. हिवाळाभर वाळूवर एकसारखे करडे-तपकिरी दिसणारे चिखलपक्षी याच सुमारास विणीचा पिसारा धारण करतात. सँड प्लव्हरच्या छातीवर नारिंगी पट्टा उमटतो आणि डोळ्यांवर काळा मुखवटा चढतो, कर्ल्यू सँडपायपर विटेसारखा तांबडा होतो, तर ग्रे प्लव्हरच्या पोटावर काळे डाग वाढत वाढत एक होऊ लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अरबस्तानच्या किंवा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिवाळा काढलेले काही पक्षीही उत्तरेकडे परतताना आपल्या किनाऱ्यावर घटकाभर टेकतात. शरद ऋतूत येणारे पक्षी रमतगमत येतात, पुष्कळदा पिसे झिजलेल्या अवस्थेत येतात. वसंतातल्या पाहुण्यांना मात्र घाई असते, कारण सैबेरियातला उन्हाळा थोडक्यात आटोपतो आणि तिथे उशिरा पोचणाऱ्याला विणीची जागा मिळत नाही. आज दिसलेला पक्षी उद्या असेलच, अशी खात्री या दिवसांत कोणी देऊ नये.

अलिबागच्या दक्षिणेला, खाडी ओलांडली की लागणारे अक्षी हे त्यासाठी उत्तम ठिकाण आहे. सुरूच्या बनामागे लांबच लांब सपाट किनारा, एका टोकाला खाडीचे मुख आणि तिथला गाळ, अशी त्याची रचना आहे. वाळूत धावणारे सँडरलिंग आणि गाळात चोच खुपसणारे सँडपायपर, अशा दोन्ही स्वभावांच्या पक्ष्यांची तिथे सोय होते. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी आणि पक्षी समोर असतात, ही आणखी एक मोठी सोय. दुपारनंतर याच जागेवरून समुद्राकडे पाहिले तर चकाकीत फक्त काळ्या आकृत्या दिसतात.

किनाऱ्यावरच्या निरीक्षणात घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हे गणित मला अक्षीतल्याच एका कोळी काकांनी वाळूवर बोटाने आकडे काढून शिकवले. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती. चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तासाने पुढे सरकते, हे त्यामागचे कारण आहे. छापील कोष्टकाशी ताडून पाहिले तर थोडाफार फरक निघतो, पण जायचे की नाही हे ठरवायला एवढे पुरते. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, ते फारसे चढत नाही आणि पक्षी दूरवर पसरून राहतात. पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणाला पाणी किनाऱ्याच्या पार वरपर्यंत येते, त्यामुळे सगळे पक्षी अरुंद पट्ट्यात गोळा होतात. मला हवी असते ती सकाळी नऊ-साडेनऊनंतरची भरती. सूर्योदयाला पाणी निम्म्यावर असते, पुढचे दोन-अडीच तास ते पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलत आणते आणि उन्हाने हवा थरथरू लागण्याआधी काम उरकते. द्वादशी आणि त्रयोदशी या हिशेबात नेमक्या बसतात. चैत्र शुद्ध त्रयोदशीला महावीर जयंतीची सुट्टी असते, हा नोकरदार माणसाचा निव्वळ फायदा.

अशाच एका महावीर जयंतीच्या सकाळी माझ्याबरोबर, ज्यांना आम्ही सारे भाऊ म्हणतो ते माझे ज्येष्ठ सोबती होते. आम्ही खाडीच्या मुखाजवळ, ओल्या वाळूच्या रेषेपासून बरेच मागे, सुरूच्या सावलीच्या कडेला तिपाई रोवून तिच्यावर स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, बसवला. अंगावर मातकट कपडे, उभे राहण्याऐवजी बसणे आणि एकदा जागा निवडली की ती न सोडणे, हे आमचे तीन नियम आहेत. पाणी पक्ष्यांना आणून देणारच असते, आपण त्यांच्याकडे चालत जाण्याचे काही कारण नसते. एवढी साधी गोष्ट किनाऱ्यावर फार थोड्यांना पटते.

थवा मोठा होता. अशा वेळी दुर्मीळ पक्षी शोधू नये, हे मी गेल्या काही वर्षांत पक्के केले आहे. शोधायला लागले की डोळे हवे ते दाखवू लागतात. त्याऐवजी थव्याच्या एका टोकापासून स्कोप हळूहळू सरकवत नेहमीचे पक्षी मोजत जायचे. हा सँड प्लव्हर, हाही सँड प्लव्हर, हा केंटिश प्लव्हर, हे सँडरलिंग, ही टर्नस्टोनची जोडी. दर पक्ष्याला नाव देऊनच पुढे जायचे. लेसर सँड प्लव्हर म्हणून आपण ज्याला वर्षानुवर्षे एकच पक्षी समजत होतो, त्याचे आता सैबेरियन आणि तिबेटन असे दोन वेगळे पक्षी मानले जातात. पश्चिम किनाऱ्यावर प्रामुख्याने तिबेटन असतो आणि विणीच्या पिसाऱ्यात त्याचे कपाळ काळे असते, त्यामुळे चैत्रात प्रत्येकाच्या कपाळाकडे पाहणे आलेच. हे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु ज्याला नेहमीचे शंभर पक्षी बारकाईने ठाऊक नाहीत, त्याला एकशेएकावा वेगळा आहे हे कळणार तरी कसे?

कर्ल्यू सँडपायपरच्या एका तांबूस घोळक्यामागे स्कोप पोचला तेव्हा मोजणी अडली. त्या घोळक्यातल्या पक्ष्यांहून स्पष्टपणे मोठा, अंगाने भरीव आणि शेजारच्या ग्रे प्लव्हरपेक्षा जेमतेम लहान असा एक पक्षी गाळात खाली मान घालून चरत होता. छातीवर काळे ठिपके इतके दाट होते की लांबून तो गडद पट्टाच वाटावा. पुढे बगलेकडे तेच ठिपके सुटे होऊन बाणाच्या टोकांसारखे दिसत होते. पोट पांढरे, पाठीवर खांद्याच्या पिसांत तांबूस-लालसर डाग, चोच डोक्याच्या लांबीहून थोडी अधिक आणि टोकाकडे किंचित खाली झुकलेली, पाय मळकट हिरवट-करडे. मनात नाव आले होते. ते मी उच्चारले नाही.

“भाऊ, जरा स्कोपमध्ये पाहता का? तांबड्या घोळक्याच्या मागे, डावीकडे.”

“तू काही सांगू नकोस. मला आधी माझे बघू दे.”

भाऊंचे हे वाक्य माझ्या दृष्टीने दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. पहिल्याने नाव सांगितले की दुसऱ्याला तेच दिसू लागते, मग दोन साक्षीदार असूनही साक्ष एकच राहते. भाऊंनी बराच वेळ पाहिले, खिशातून वही काढली आणि पक्ष्याची बाह्यरेषा काढून तिच्याभोवती बाणांनी खुणा लिहिल्या. मीही माझ्या वहीत तेच केले. दोघांचे लिहून झाल्यावरच वह्या समोरासमोर धरल्या. भाऊंनी छातीचे ठिपके, चोचीची लांबी आणि ग्रे प्लव्हरशी तुलना लिहिली होती आणि खाली एकच शब्द होता, ग्रेट नॉट. पुस्तक तोवर पिशवीतच होते. चित्र पाहून लिहिलेले वर्णन हे चित्राचे वर्णन असते, पक्ष्याचे नव्हे, असे भाऊ नेहमी म्हणतात.

ग्रेट नॉट हा ईशान्य सैबेरियातल्या डोंगरमाथ्यांवर, खडकाळ टुंड्रात वीण करणारा पक्षी आहे. त्यातले बहुसंख्य पक्षी ऑस्ट्रेलियाच्या, विशेषतः वायव्य ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात आणि जाता-येता चीन व कोरिया यांच्यामधल्या पिवळ्या समुद्राच्या गाळपठारांवर थांबतात. दक्षिण कोरियात सेमनगम येथे ३३ किलोमीटरचा बांध घालून २००६ मध्ये असेच एक विस्तीर्ण गाळपठार समुद्रापासून तोडण्यात आले. तिथे थांबणाऱ्या पक्ष्यांची संख्या त्यानंतर कोसळली आणि २०१५ मध्ये ही जात जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. थोडे ग्रेट नॉट पश्चिमेकडे अरबी समुद्राच्या काठाने, ओमानच्या बर्र अल हिकमानपर्यंत हिवाळ्यासाठी जातात. त्यांच्या परतीच्या वाटेचा विचार केला तर कोकणच्या किनाऱ्यावर चैत्रात एखादा टेकावा, यात अशक्य काही नाही. अशक्य नसणे आणि खरोखर समोर असणे यांत मात्र अंतर आहे, आणि नोंद तपासणाऱ्याचा प्रश्न नेमका त्या अंतराविषयीच असतो.

म्हणून पुढचे सगळे काम पुराव्याचे होते. सुंदर छायाचित्र आणि उपयोगी छायाचित्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आम्हाला पक्षी एकटा, रेखीव, मागची वाळू धूसर झालेला असा नको होता. त्याच्या शेजारी ओळखीचा पक्षी येईल आणि दोघे एकाच चौकटीत एकाच अंतरावर मावतील, अशी आम्ही वाट पाहत होतो, कारण आकाराचा पुरावा तुलनेशिवाय मिळत नाही. कर्ल्यू सँडपायपर बरोबरची दोन-तीन छायाचित्रे चांगली मिळाली. मग बाजूने चोच, समोरून छाती आणि पाठमोरी पाठ. दोन्ही पायांची छायाचित्रे आम्ही मुद्दाम घेतली, कारण अभ्यासक पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी किंवा छोटे झेंडे बसवतात आणि रंगांच्या जोडीवरून पक्षी कुठल्या देशात पकडला होता ते कळते. या पक्ष्याच्या पायात काहीच नव्हते. नाही म्हटले तरी थोडी निराशा झाली.

चरण्याची त्याची रीत पाहण्यासारखी होती. सँडरलिंग लाटेच्या मागेपुढे धावत असतात. हा मात्र एका ठिकाणी उभा राहून चोच मुळापर्यंत गाळात घालत होता, शिलाई यंत्राच्या सुईसारखी भराभर वरखाली, आणि मध्येच थांबून बोटाच्या पेराएवढी शिंपली बाहेर काढत होता. ती फोडण्याच्या फंदात तो पडत नसे. मान किंचित वर, एक हिसका, आणि कवचासकट शिंपली गिळून मोकळा. ती आत गेल्यावर त्याच्या स्नायुमय जठरात कवच भरडले जाते. खाडीच्या त्याच पट्ट्यात गावातल्या बायका ओहोटीला तिसऱ्या वेचायला येतात, तेव्हा या गाळात खाणे भरपूर आहे याविषयी पक्ष्याचे आणि गावाचे एकमत दिसले.

हे खाणे किती निकडीचे असते, ते या जातीवरच्याच संशोधनातून पुढे आले आहे. लांबच्या उड्डाणाआधी ग्रेट नॉट अंगावर भरपूर चरबी चढवतो आणि समुद्र ओलांडताना ती तर खर्च करतोच, पण मेंदू आणि फुप्फुसे वगळता शरीरातले बहुतेक अवयवही या प्रवासात आकाराने घटतात, असे वायव्य ऑस्ट्रेलियातून चीनकडे जाणाऱ्या पक्ष्यांच्या अभ्यासात २००० साली दिसून आले. उतरल्यावर आधी पचनसंस्था पुन्हा उभी करायची, मग खायचे, मग पुन्हा निघायचे. अशा पक्ष्याला आपण एकदा उडवले तर त्याने सकाळभर कमावलेल्यातले काही गेले, असाच त्याचा अर्थ होतो. भरतीच्या वेळी तर त्याला दुसरीकडे बसायला जागाही उरलेली नसते.

त्याच्या उड्डाणाचे छायाचित्र मात्र आम्हाला हवे होते. रेड नॉट या जवळच्या जातीपासून ग्रेट नॉट वेगळा काढताना शेपटीच्या वरचा भाग पाहावा लागतो. ग्रेट नॉटचा तो भाग पांढरा उठून दिसतो, रेड नॉटचा करडा आणि आडव्या रेघांचा असतो. तसे पाहता चैत्रातल्या पिसाऱ्यात छाती एवढी ठिपकेदार असताना रेड नॉटचा प्रश्न उरत नाही, कारण त्याचे पोट-छाती या दिवसांत तांबडी होते आणि चोच आखूड व सरळ असते. तरीही पुरावा पूर्ण असावा, असे दोघांचेही मत होते. पक्ष्याला मुद्दाम उडवायचे नाही, हेही ठरलेले होते. कॅमेरा हातात धरून वाट पाहणे एवढाच मार्ग होता.

आमच्यासाठी ते काम पर्यटकांनी केले. सुट्टीमुळे नऊच्या सुमारास किनाऱ्यावर गर्दी सुरू झाली. घोडागाड्या, वाळूत फिरवायच्या चारचाकी मोटारी आणि त्यांच्यामागे भुंकत धावणारी कुत्री असा सगळा लवाजमा थव्याच्या दिशेने आला आणि सारा थवा एकदम उठला. त्या गोंधळात ठिपकेदार पक्षी कॅमेऱ्यातून सुटू नये म्हणून भाऊ दुर्बिणीतून त्याच्यावर नजर ठेवून “डावीकडे, आता खाली, पांढऱ्या कुरवांच्या पुढे” असे सांगत राहिले आणि मी बटण दाबत राहिलो. बहुतेक चौकटी फुकट गेल्या. एका चौकटीत पंख उघडलेले, पाठ आमच्याकडे आणि शेपटीच्या वर पांढरा भाग स्वच्छ आला. थवा दोनदा घिरट्या घालून खाडीच्या पलीकडे गेला. भरतीच्या दोन तासांपुरता तरी खाडीच्या मुखाकडचा थोडा पट्टा वाहनांना बंद ठेवता येईल. त्याने कोणाच्या पोटावर पाय येणार नाही, कारण पर्यटकांना हवा असलेला किनारा दुसऱ्या बाजूला पुष्कळ लांब आहे.

परतताना भाऊंनी एक अट घातली की ही बातमी संध्याकाळपर्यंत कोणालाही द्यायची नाही. दुर्मीळ पक्ष्याचा ठावठिकाणा मोबाईलवरच्या गटांत पडला की दुपारच्या आत लांब भिंगवाले येतात, त्यांच्यातले पुष्कळ समंजस असतात, पण वाळूत सरपटत थव्यात शिरणारे दोघे-चौघेही पुरेसे असतात. हे आम्ही पूर्वी दुसऱ्या एका किनाऱ्यावर पाहिलेले आहे. त्या दिवशीची दुसरी भरती रात्री होती. भरती उतरली की पक्षी पसरणार आणि अंधार पडल्यावर कोणी येणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता.

घरी आल्यावर यादी ई-बर्डवर भरली. अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेल्या या नोंदसंग्रहात त्या-त्या भागासाठी आणि महिन्यासाठी अपेक्षित जाती व संख्या आधीच ठरवलेल्या असतात. त्याबाहेरची जात लिहिली की ती वेगळी दाखवली जाते आणि तपशील मागितला जातो. तिथे बरेच जण “स्पष्ट दिसला” एवढेच लिहितात, ज्याचा तपासणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो. आम्ही वहीतले वर्णन जसेच्या तसे उतरवले. वेळ, भरतीची स्थिती, साधारण अंतर, प्रकाशाची दिशा, बरोबरचे पक्षी, रेड नॉट का नव्हे आणि ग्रेट नॉटच का, हे सगळे क्रमाने लिहिले. थव्यातल्या नेहमीच्या पक्ष्यांची मोजणीही पूर्ण भरली. एका दुर्मीळ पक्ष्यासाठी सबंध यादी गाळून टाकणारे लोक मला मुळीच कळत नाहीत, कारण परतीच्या दिवसांत सँड प्लव्हर किती होते याची नोंद पुढच्या अभ्यासकाला जास्त उपयोगी पडणार असते. भारतात येणारे उत्तर ध्रुवाकडचे चिखलपक्षी झपाट्याने कमी होत आहेत, हे अशाच साध्या, कंटाळवाण्या याद्यांच्या बेरजेतून समजले आहे.

काही दिवसांनी तपासनिसांचे पत्र आले. ते स्वतः पक्षीनिरीक्षक असून हे काम विनामोबदला करतात. पत्र सौजन्याचे होते, पण सूट कशातच नव्हती. मूळ छायाचित्रे न कापता पाठवा, कॅमेऱ्यातली वेळ बरोबर लावलेली होती का ते कळवा, उडतानाचा आणि बसलेला पक्षी एकच होता हे कशावरून, असे त्यांचे प्रश्न होते. शेवटचा प्रश्न अगदी योग्य होता. भाऊंनी उड्डाणभर पक्ष्यावरून नजर हलवली नव्हती, हे आम्ही लिहिलेच, शिवाय उडतानाच्या चौकटीत छातीच्या बाजूचा गडद भाग आणि चोचीची लांबी दोन्ही दिसत होती, ती मोठी करून दाखवली. नोंद मान्य होईपर्यंत ती सर्वांना दिसणाऱ्या नकाशावर येत नाही. या पद्धतीवर रागावणारे लोक मला भेटतात. माझ्या मते एवढी छाननी नसती तर अर्ध्या किनारपट्टीवर दर चैत्रात काहीबाही दुर्मीळ सापडले असते. आमची नोंद पुढे मान्य झाली.

पक्षी दिसला त्याच्या लगेच पुढच्या पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या सकाळी, आम्ही पुन्हा गेलो होतो. भरती उशिराची असल्यामुळे ऊन वर आले होते आणि स्कोपमधून हवा पाण्यासारखी हलताना दिसत होती. ठिपकेदार पक्षी नव्हता, कर्ल्यू सँडपायपरही निम्म्याने कमी झाले होते. वैशाख उजाडेपर्यंत बहुतेक थवे जातात. मागे उरतात ते प्रामुख्याने पहिल्या वर्षाचे, अजून विणीला न आलेले पक्षी. ते करड्या पिसाऱ्यातच सबंध पावसाळा इथे काढतात आणि त्यांची मोजणी करायला ज्येष्ठ-आषाढात किनाऱ्यावर कोणीही नसते. यंदा आम्ही ज्येष्ठातल्या द्वादशीला जायचे ठरवले आहे. भाऊंनी स्कोपसाठी मेणकापड आणि स्वतःसाठी घोंगडी आतापासूनच काढून ठेवली आहे.